जानेवारीचं अक्षर

निळोबा खोमण्यांच्या एकतीस वह्या
शिवाजीनगरच्या या खोलीत माझ्या टेबलावर आहेत.
सालाला एक वही.
माझं काम सोपं: आकडा वाचायचा,
रकान्यात टाकायचा, पुढचा वाचायचा.
उजाडतानाचं किमान, दुपारचं कमाल.

सुप्याच्या अलीकडे, हिवर-बोराटीच्या माळावर
चार पायांची पांढरी पेटी.
तिच्या झडपांतून वारा आत जातो, ऊन जात नाही.
त्या माळावर ऊन जात नाही अशी
तेवढी एकच जागा.

वह्यांच्या कडेला त्यांनी जे लिहिलंय
त्याला माझ्याकडे रकाना नाही.
"पेटीत सरडा. हाकलला."
"तरवड फुलला. गेल्या सालापेक्षा लवकर."
"काच तडकली. अंदाजाने भरत नाही, कोरं सोडतो."
"धाविकाची अंडी पायवाटेवर. उद्यापासून वळसा."
आणि पुढचे तेवीस दिवस
वाचनाची वेळ तीन मिनिटं उशिराची.

एका मे महिन्यात दशांश नाहीसे होतात.
एकोणचाळीस. चाळीस. चाळीस. एकोणचाळीस.
मी लाल खूण केली, फोन लावला.
"मी दवाखान्यात होतो," म्हणाले,
"आमची मंजुळा चढायची स्टुलावर. तिसरीत होती.
टिंबाच्या पुढचं अजून शिकवलं नव्हतं तिला."
खूण मी पुसली नाही, नियम आहे.
पण त्या दिवशी आणखी काही भरलंही नाही.

आलेखात दुपारची रेघ फार हलत नाही,
दुष्काळात उसळते, बऱ्या सालात खाली बसते.
चढते ती रात्रीची.
दशकाला पाव अंश,
कुणाला जाग येऊ नये अशा पावलांनी.

माळ उघडा, म्हणून रात्री निवायचा.
दिवसभर अंगावर घेतलेलं सगळं
पहाटेपर्यंत आभाळाला परत करायचा,
दगडसुद्धा गार लागायचे.
आता थोडं थोडं मागे ठेवून घेतो.

बैठकीत विचारतात, पाव अंश म्हणजे नेमकं किती?
मी आलेख दाखवते.
वह्या दाखवायला हव्यात.

पहिल्या वहीतल्या जानेवारीत अक्षर कापतं.
साताची मान लटपटलेली,
चाराची गाठ बसलेलीच नाही.
शिमग्याच्या सुमाराला हात ताळ्यावर येतो.
दर साली असंच,
जवळजवळ पंधरा वह्या.
मग थरथर आक्रसत जाते: तीन आठवडे,
दहा दिवस, एका वहीत फक्त दोन सकाळी.
एकतिसाव्या वहीत खोमणे त्रेसष्ट वर्षांचे,
एका डोळ्यात मोतीबिंदू,
आणि अख्खा जानेवारी
पाटीवर गिरवल्यासारखा सरळ.

वय वाढेल तसा हात स्थिर होत गेलेला
दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

त्यांना हे सांगितलं तर हसले.
"अहो, पेन काखेत धरून जायचो.
रिफिल उतरायची नाही त्या गारठ्यात."
मग जरा वेळ नुसता वाराच ऐकू आला फोनमध्ये.
"आता पेटी आपली आपण आकडे धाडते.
तरी जातो मी सकाळचा. वळसा घालून."

"धाविक आहेत अजून?"

"नाहीत.
पण वाट तिथून मोडली ना."