हातचा

मे महिन्यात, सेहेचाळीस अंशांत,
पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं.
चार कूलर, त्यातल्या एकातच पाणी,
आम्ही एकशे दहा जण,
पडद्यावर रोज एक नवा शब्द.
शेवटच्या दिवशी पिशवी मिळाली, पेन मिळालं,
प्रमाणपत्रावर छापलं होतं : लांजेकर.
मी लांजेवार.
दुरुस्तीसाठी कोणाकडे जायचं
ते कोणालाच माहीत नव्हतं.

सव्वीस जूनला शाळा उघडली
पाचपावलीतली, फाटकाजवळची,
मालगाडी गेली की खडू पेटीत थरथरतात.
फळ्यावर सत्तावीस अधिक पंधरा.
सात नि पाच बारा, बाराचे दोन, हातचा एक.
वीस वर्षं म्हणतेय हे,
देवळावरून जाताना हात छातीशी जावा
तितक्या सवयीनं.

रौनक बुरडे उठला,
"हातचा म्हंजे कोनाच्या हातचा जी, मॅडम?"
वर्ग हसला. मीही हसले.
बस खाली, म्हटलं.

मागच्या बाकावर हेडाऊ बाई होत्या.
मंगळवारी त्या माझ्या वर्गात,
शुक्रवारी मी त्यांच्या,
असं आमचं आम्हीच ठरवलेलं.
परिपत्रक नाही, सही नाही,
बाकाच्या खिळ्यात त्यांचा पदर अडकून फाटला
तेवढीच काय ती नोंद.

मधल्या सुट्टीत त्यांनी वही उघडली.
छान झालं म्हणाल्या नाहीत,
असं करून पाहा म्हणाल्या नाहीत.
पानावर फक्त रौनकचा प्रश्न,
खाली जागा कोरी.
"तुमाले येते का याचं उत्तर?"
मी चहाकडे पाहिलं.
"मलेबी नाई येत," त्या म्हणाल्या.

मग खराट्याच्या काड्या आणल्या.
पहिल्या मंगळवारी पोट्ट्यांनी तलवारी केल्या.
दुसऱ्या मंगळवारी रबर तुटले.
तिसऱ्या वेळी मीच दहाच्या जागी नऊ बांधल्या
आणि निखतनं सगळ्यांसमोर मोजून दाखवल्या.
हेडाऊ बाई लिहीत राहिल्या.
पोळ्याची सुट्टी आली, गेली.

सुट्टीनंतरच्या एका मंगळवारी
एककाच्या घरात रौनक,
दशकाच्या घरात निखत.
बारा काड्या झाल्या त्याच्याकडे.
दहांची मोळी बांधली त्यानं, दातांनी गाठ ओढली,
आणि शेजारी सरकवली,
"घे. हा तुह्या हातचा."

मी फळ्याकडे तोंड केलं.
थोडा वेळ तसंच.

हेडाऊ बाईंची बदली झाली, नंदनवनला.
पिशवीचा बंद केव्हाच तुटला,
पेनाचं आठवत नाही.
यंदा नवी आलीय परवीन, बावीस-तेवीसची,
भागाकार घाईघाईत उरकते.
मंगळवारी मी तिच्या वर्गात मागे बसले.
एक ओळ लिहिली, खाली जागा सोडली.

शुक्रवारी ती येणार आहे माझ्याकडे.
खिळा अजून तसाच आहे वर आलेला.
ओढणी सांभाळ, एवढंच सांगितलंय.