चांदणी शेवटी

पुंता अरेनासला वारा सुटला की
चौकात दोर बांधतात,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
मी तिसऱ्या मजल्यावर, हीटरला पाय लावून,
सत्तावीस भाडेकरू एका घरात बसवत होते.

घर एक. सर्व्हर एक.
येणाऱ्याच्या पत्त्यात पहिल्या टिंबाआधी जे नाव असेल
ते वाचायचं, आणि त्याला त्या खोलीत सोडायचं:
लोकरवाली द्रागित्सा,
कुत्र्यामांजरांचा डॉक्टर ओयार्सो,
बाराओना बंधू, अंत्यविधीची सोय,
एल्बाची बेकरी.
एकाचं कपाट दुसऱ्याला उघडता कामा नये, एवढंच.
भिंती नाहीतच इथे. नुसत्या अटी.

नियम वरून खाली वाचले जातात,
जो आधी जुळला तो खरा.
हे मी नव्या पोरांना दरडावून शिकवते.
आणि मंगळवारी रात्री पावणेदोनला
मीच चांदणी सगळ्यात वर टाकली.
चांदणी म्हणजे कुणीही. कुठलंही नाव. या.
चाचणीपुरतं तिचं दार एल्बाकडे उघडं ठेवलेलं,
ते तसंच राहिलं.

सकाळी एक बाई
वडिलांसाठी शवपेटी बघायला आली.
तिच्यासमोर तीन थरांचा चॉकलेट केक,
खाली रकाना:
मेणबत्त्या किती?

फोन बाराओनांच्या थोरल्याचा.
मी शिव्यांची वाट बघत राहिले.
तो म्हणाला, "तिनं आकडा भरलाय.
एक्याऐंशी."

एक ओळ उचलली, सव्वीस ओळींखाली ठेवली.
चाळीस सेकंद. हात थरथरत होते तरी चाळीसच.
आता चांदणी तळाशी,
ज्याला कुणीच ओळखलं नाही त्याच्यासाठी.

राहिली ती नोंद.
दुसऱ्याच्या खोलीत चुकून पडलेली,
नियमानं पुसायची.
मी कर्सर तिच्यावर नेला, परत आणला,
कॉफी करून आले.
तोवर एल्बाचाच निरोप:
केक झालाय. पत्ता कुठेय?

पत्ता नव्हताच.
पत्त्याचंच तर सगळं चुकलं होतं.

संध्याकाळी एका हातात डबा, एका हातात दोर,
टोपी वाऱ्यानं कधीच नेलेली.
बाराओनांच्या दुकानात दिवा होता, आत कुणी बाई बसलेली.
घंटा वाजवायला हात हवा होता.
मी दोर सोडला.