मांजराचं शेपूट

औलू शहरात जानेवारीत तीन वाजता रात्र होते
आणि विद्यापीठाच्या तळघरात, संगणकांच्या खोलीत,
ती मुळी मावळतच नाही.
सत्त्याऐंशी साल. माझे बूट ओले,
या गावात ओळखीचं कुणी नाही,
आणि रात्रपाळीची सिल्वी
टर्मिनलच्या हिरव्या उजेडात
राईच्या पावावर लोणी फासत बसलेली.

"बस," ती म्हणाली. "हा तू."
काळ्या पडद्यावर एकच खूण:
@
आमच्याकडे हिला मांजराचं शेपूट म्हणतात.
एवढाच मी? मी विचारलं.
"मग? केवढा वाटत होतास?"

यंत्रानं नाव विचारलं.
मी माझं टंकू लागलो तर तिनं मनगट धरलं.
"स्वतःचं नको.
गेलं तर चालेल, असं एखादं दे."
मी दिलं शाळेतल्या गणिताच्या मास्तरांचं,
ज्यांनी मला अख्खं एक वर्ष
कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं.
आर्मास. या नावाचा अर्थ लाडका.
आईनं ठेवलं असणार.

एच डावीकडे, एल उजवीकडे,
जे खाली, के वर.
बाण विसर, बोटांनाच दिशा शिकव.
टिंब म्हणजे जमीन.
अधिकचं चिन्ह म्हणजे दार.
रेघा म्हणजे भिंती, आणि जे दिसत नाही
ते अजून झालेलंच नाही.
लहान डी म्हणजे कोल्हा.
"आणि मोठा डी?"
"तो दिसला तर मला विचारत बसू नकोस."

बाटल्यांना फक्त रंग. गुलाबी, धुरकट, गढूळ पिवळा.
कुठलीत औषध ते प्यायल्यावर कळतं.
आणि विष निघालं तर?
"तेही कळतं," सिल्वी म्हणाली,
आणि सुरी पुसून ठेवली.

पहिल्या खोलीत काहीच नव्हतं.
मी तिच्यात चार फेऱ्या मारल्या,
नव्या भाडेकरूनं माराव्यात तशा.
मग एक बोळ, काळोखातून एकेक पाऊल उगवणारा,
मग जिना. मग दुसरा.
वरच्या ओळीत अक्षरं उमटली:
तुला भूक लागली आहे.
मास्तरांच्या पोतडीत काही नव्हतं.
पडद्यावरची नजर न हलवता
सिल्वीनं आपला पाव मोडला
आणि अर्धा माझ्यापुढे सरकवला.

तिसऱ्या मजल्यावर एक बी आला.
वटवाघूळ. सरळ चालेचना,
दारू प्यायल्यासारखा भेलकांडत इकडून तिकडून,
चावला, पळाला, परत चावला.
मी हवेत वार करत राहिलो.
बारा उरले. सात. दोन.
घाईत गुलाबी बाटली प्यायलो
आणि मास्तर आंधळे झाले.

मग खोली गेली.
तिच्या जागी ताऱ्यांची आणि रेघांची
एक थडग्याची चौकट,
आत नाव, आत एकशे बारा नाणी,
आणि कुणी मारलं तेही, स्पष्ट.

परत मागे कसं जायचं?
"नाही जायचं."
साठवून ठेवलेला तो?
"तोही पुसला जातो. मेला की मेला."
अक्षराला क्षर नाही म्हणे.
हे एक माझ्या डोळ्यांदेखत क्षरलं,
आणि ज्या माणसाचं वाईट व्हावं म्हणून
नऊ वर्षं देव मानला होता
त्याच्यासाठी माझा घसा दाटून आला.
मी खोकल्यासारखं केलं.
सिल्वी कागदाची गुंडाळी बदलायला
उगाच उठून गेली.

पडद्यानं पुन्हा नाव विचारलं.
माझी बोटं थोडा वेळ कळांवर नुसती राहिली.
मग तेच टंकलं, सहा अक्षरं.
पहिल्या खोलीत तो कोपऱ्यात उभा होता,
भिंतीकडे तोंड केल्यासारखा.
मी एल दाबला. थांबलो.
पुन्हा एल.

दारापाशी आल्यावर
ते ढकलण्याआधी
मी मान पुढे काढली
आणि कान लावला काचेला.