शेरा

नोंदवहीला तेरा रकाने.
तापमान, हवेचा दाब, वाऱ्याची दिशा,
काठीवरून मोजलेली बर्फाची उंची.
तेरावा 'शेरा', दोन बोटं रुंद.
माझ्या आधीच्या माणसानं त्यात
अठरा वर्षं एकच शब्द लिहिला : निरंक.
त्याचं बघून मीही.

नारीनच्या वर, खिंडीच्या तोंडाशी हे ठाणं.
दुसरी वही माझी स्वतःची,
शाळकरी, चौकटींची, पुठ्ठ्यावर मांजर.
वसंतात तपासनीस आले, एसेनबेकसाहेब.
उघडून मोठ्यानं वाचू लागले :
'घोडीनं तपासनिसांची टोपी खाल्ली.'
ते गेल्या वर्षीचं होतं. हसले नाहीत.
'हे कशाला, जिपारगुल?'

म्हटलं, वेळ जात नाही.
खोटं. इथे वेळ दरडीसारखा जातो.
मग म्हटलं, अक्षर सुधारावं म्हणून.
तेही खोटं. कोंबडीचे पाय बरे.
टोपीचं वाक्य खोडा म्हणाले.
हो म्हटलं. खोडलं नाही.

तलान्त मॉस्कोहून फोन करायचा,
माझा धाकटा, गोदामात रात्रपाळीला.
'काय विशेष, एजे?'
'काही नाही रे. चाललंय.'
कोल्ही पिल्लांना घेऊन थेट दारापर्यंत आली,
त्या दिवशीसुद्धा,
काही नाही रे.

शेवटचा फोन चाळीस मिनिटांचा.
मला आठवतं ते एवढंच, की दूध उतू गेलं
आणि खांद्यानं फोन कानाशी दाबून
चूल पुसत
मी हं, हं म्हणत होते.

काय बोलत होता तो?
चाळीस मिनिटं.

त्या दिवसाचं तापमान आहे :
उणे एकोणीस पूर्णांक चार.
वारा वायव्येचा.
शेरा : निरंक.
माझ्याच अक्षरात.

आज.
कुंपणाच्या तारेवर दोन चिमण्या, एक लंगडी.
टपालाची जीप आली नाही.
चहात मीठ जास्त पडलं, तरी प्यायले.
संध्याकाळी खालून आईचा फोन,
गुडघ्याचं तेच, शेजारच्या मेंढ्यांचं तेच.
तेच ते सगळं लिहून घेतलं, शब्दन्‌शब्द,
मध्ये तिनं दम खाल्ला तेही.

चुलीवर दूध होतं.
जाऊ दिलं.