चिमट्यानं उचलायचं वजन

तीस वर्षं मी वजनमापे खात्यात होते.
मार्केट यार्डात, गुळाच्या ढेपांमधून वाट काढत
तागड्या तपासल्या, काट्यांवर शिक्के मारले,
तळातलं शिसं कोरून काढलेली वजनं जप्त केली.
आमच्या पेटीतलं सगळ्यात लहान वजन एक मिलिग्रॅम.
पत्र्याचं, चिमट्यानं उचलायचं,
शिंकलं की गेलं.
माझ्या गोळीतलं औषध त्याच्या एक दशांश.

पहाटे साडेपाच, धनकवडी.
गोळी पाण्याबरोबर, मग चहासाठी तासभर थांबायचं.
ग्रंथी काढून चौदा वर्षं झाली.
व्रण मंगळसूत्राच्या वाटेवरच आहे,
लोकांना वाटतं, काळे मणी काचले.

रिपोर्ट दर वेळी चांगला.
डॉक्टर आकड्याखाली रेघ मारतात, म्हणतात, "उत्तम."
मी म्हणते, मे महिन्यात पायमोजे घालून झोपते,
भाजी निवडायला बसते आणि उठायचं विसरते.
ते पुन्हा आकडा दाखवतात.
मीही असंच करायचे:
शिक्का ताजा आहे ना? मग काटा बरोबर.

नणंद शर्मिष्ठा ओहायोला.
लाकडी घाण्याचं तेल, सेंद्रिय गूळ, एकदा तर चक्क पाटा,
पुण्यातून जाताना वजन भरेल तेवढं नेते.
यंदा तिनं कुणाबरोबर तरी एक बाटली पाठवली.
"वहिनी, तुझी ती कारखान्यातली बंद कर.
ही नैसर्गिक. खऱ्या ग्रंथीची."

दुकानात मुथांनी भिंगातून बारीक अक्षरं वाचली,
बाटली हळूच रद्दी कागदावर ठेवली,
आत जाऊन हात धुऊन आले.
"ताई, डुकराची आहे."
मागे नसीम मुलाणी उभी, आमच्याच ऑफिसातली,
हातात तिचीही थायरॉइडचीच चिठ्ठी.
ती हसत सुटली:
"एका बाटलीत तिघांचा धर्म बुडवलास की गं!"

तरी मी घेतली.
कुणाला न सांगता, अकरा दिवस.
बदामी रंगाची, वास
कपाटात विसरलेल्या चामडी पट्ट्यासारखा.
चौथ्या दिवशी माळ्यावरचे डबे काढून घासले.
सातव्या दिवशी मला राग आला,
खराखुरा, गॅसवाल्यावर,
आणि इतकं बरं वाटलं!
नवव्या रात्री छातीत कुणीतरी जिना चढू लागलं.
मजले संपेनात.

गॅलरीत बसून त्या जनावराचा विचार केला.
आपल्या आंबील ओढ्याकाठी फिरतात तसलं नसेल,
तिकडचं, गुलाबी, कानाला नंबर टोचलेलं.
त्याच्या गळ्यात हे कुणी मोजून घातलं नव्हतं.
हवं तेव्हा, हवं तेवढं सुटत असेल,
त्याच्या मापानं, डुकराच्या.
माझ्याही गळ्यात सुटायचं,
सत्तेचाळीस वर्षं, बिनपावतीचं,
आणि मी एकदाही हात लावून बघितलं नाही.

डॉक्टर रागावले. रागवायलाच हवं होतं.
म्हणाले, कारखान्यात होतं तेही तुमच्याच शरीरातलं,
अगदी तेच, अणूला अणू.
मी म्हटलं, मान्य. मापात पाप नाही.
पण पांढरी घेते तेव्हा मी कुठे असते?
ते गप्प झाले.
मग रिपोर्ट पालथा घातला आणि विचारलं,
"त्या सातव्या दिवशी नेमकं काय वाटलं?"
मी सांगितलं, गॅसवाल्यासकट.
त्यांनी लिहून घेतलं. पाठकोऱ्या बाजूला, अक्षरांत.

आता पुन्हा पांढरी. एकशे बारा.
वर बारा कशाचे, माझे की त्यांचे, माहीत नाही.
पायमोजे अजून आहेत, उशाशी.
बदामी बाटली मी जुन्या वजनांच्या पेटीत ठेवली,
दोनशे ग्रॅमच्या रिकाम्या खाचेत. सैल बसते.
शर्मिष्ठा विचारते, "घेतेस ना गं?"
मी म्हणते, घेते.

सव्वासहाला नसीमचा फोन.
"झाला का तुझा तास?"
नाही गं.
अजून चौदा मिनिटं.
पातेलं धुऊन ठेवलंय.