हातचा

मार्चचा दुसरा आठवडा. कायानीत तळं अजून घट्ट,
रिंकच्या वरच्या खोलीत हीटर नुसता आवाज करतो.
मॅनेजर तुओमिकोस्की विचारतात, "गोल किती?"
दोन.
"प्लस-मायनस?"
उणे अकरा.
ते पेनला टोपण लावतात. म्हणजे बैठक संपली.

मी म्हणते, बसा. कॉफी ओतते, त्यांना नको असलेली.
एर्क्की लाम्मिन्मेकी, वय चौतीस, डावा विंग, तिसरी फळी.
त्याच्या दहा सुरुवातींपैकी सात
आपल्याच गोलच्या अंगणात होतात,
समोर दरवेळी त्यांची पहिली फळी,
पगाराने जड, पायाने हलकी.
तो बर्फावर असताना तासाला आपल्यावर त्रेचाळीस फटके,
तो बाकावर असताना अठ्ठावन्न.
मधले पंधरा कुठे गेले?
कोणी चोरले नाहीत.
ते झालेच नाहीत.

न झालेल्याचा व्हिडिओ नसतो. मी हिवाळाभर शोधला.
फार तर चौकटीच्या कडेला एक माणूस दिसतो,
पासच्या वाटेवर स्टिक जरा लांबवलेली,
आणि ज्याच्याकडे पक आहे
त्याचा विचार बदलतो.
बस्स, तेवढंच.
लोक तेव्हा सॉसेज आणायला उठलेले असतात.

"मग उणे अकरा कसे?"
पाठीमागे गोली होता, ऑक्टोबरभर मांडी दुखत असलेला.
साधे साधे फटके आत गेले.
नशीब कोणाच्या नावे मांडायचं
यासाठी माझ्याकडे रकाना आहे, पण त्यावर
माझाच पूर्ण विश्वास नाही.
खरं सांगायचं तर चुकीला मी ठेवलेली जागा इतकी रुंद
की तिच्यात लाम्मिन्मेकी स्टिकसकट आडवा मावेल.

काल खाली साहित्याच्या खोलीत गेले होते.
वेलीने वही काढली: बाकीच्यांना नडगीचं कवच एक जोडी,
एर्क्कीला चार.
"माझ्याकडे दशांश नाहीत," तो म्हणाला, "हे घे."
मी फुटलेलं कवच हातात धरून उभी राहिले.
कसं सांगू त्याला, की अंगावर घेतलेला फटका
म्हणजे पक आधीच त्यांच्याकडे गेलेला,
आणि माझ्या तक्त्यात त्याचे गुण मिळत नाहीत.
सांगितलं नाही.

शाळेत बेरीज करताना हातचा एक
वहीच्या कडेला बारीक लिहायचो, मग खोडायचो.
उत्तरात तो कुठेच दिसायचा नाही.
विसरलात, तर मात्र बाईंची लाल रेघ.

हे मी तुओमिकोस्कींना बोलले नसते,
पण कॉफी संपली होती आणि ते अजून बसून होते.
त्यांनी टोपण काढलं.
"एक वर्ष. पगार कमी."
मी हो म्हटलं, जणू तो पगार माझा होता.

काचेतून खाली बघितलं. सराव संपला होता.
लाम्मिन्मेकी एकटाच, वाकून,
बादलीत पक गोळा करत होता. मोजत नव्हता.
मी मोजले. एकोणतीस.
तीस असायला हवे होते.