नदीचं माप

पाणी ओसरलं तेव्हा
मशीन आडवी पडली होती, गळ्यापर्यंत चिखल खाऊन.
सत्तावीस ब्लाऊज, दोन परकर,
रिहानाच्या निकाहाचा शरारा,
सगळे एकाच रंगाचे.
भिंतीवर रेघ उमटलेली. सवयीनं टेप लावली:
सात फूट चार इंच.

कचेरीत गेले ती चप्पल हातात घेऊन.
खोटं कशाला सांगू, मारायलाच घेतली होती.
धरणाचं पाणी किती वाजता सोडलंत?
साहेब म्हणाले, "पेठेत किती वाजता शिरलं,
ते तुम्ही तरी सांगा."
मला सांगता येईना.
माळ्यावर पोरीला कवटाळून बसलेली बाई
घड्याळ बघते काय?

तेव्हापासून कौलं वाजली की झोप उडते.
उशाशी टॉर्च, रेशनकार्डाची पिशवी.
डॉक्टरांच्या गोळ्या घेतल्या. काही नाही.
मग एका रात्री म्हटलं, जागीच आहेस ना,
मग जाऊन बघ तरी.

दत्ताराम खेराडेनं पुलाच्या तिसऱ्या खांबावर
ऑइलपेंटनं फूट आखून दिले.
"लाल पट्टा कुठं मारू, टेलरबाई?"
माझ्या उंबऱ्याच्या दोन फूट खाली.
मापांच्या वहीत
छाती, कंबर, बाही, मागचा गळा खोल,
त्याच्या पुढचं पान नदीला दिलं.
दोन वाजता नऊ फूट.
अडीचला नऊ आणि तीन बोटं.
भरती चार दहाला.
वरच्या गावातून शमीम परकार फोन करते,
अंगणातली डोणी किती भरली ते सांगते.
खाली खारवीवाड्यात पांडू शिट्टी घेऊन बसतो,
त्यालाही झोप नसते,
त्याची होडी गेली होती.

गेल्या श्रावणात लाल पट्टा बुडाला.
हात असे कापत होते की आठचा आकडा
अजून वहीत पोट फुटल्यासारखा दिसतो.
पण तासाभरात तांदूळ माळ्यावर गेला,
मशिनी मशिदीच्या गच्चीवर,
दिवस भरलेली वंदना टेम्पोतून टेकडीवर.
पाणी आलं, ते येणारच होतं.
रिकाम्या दुकानातून फिरून गेलं.

भीती अजून आहे, पोटात, तिथंच.
रागसुद्धा.
दर एक जूनला वहीची झेरॉक्स घेऊन कचेरीत जाते.
चप्पल दाराबाहेर काढते.
साहेब तीनदा बदलले.
टेबलावर पानं ठेवते, म्हणते,
पोच द्या. शिक्का मारून.
तारीख नीट उठू दे.